मागितलं तर मत

न्यायमूर्तींची हयात देशादेशांना मतं देण्यात गेली. भांडण पेटलं की त्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मत मागितलं जायचं. ते निकालासारखं कुणावर बंधनकारक नसायचं. न्यायमूर्ती तासभर वाचून दाखवायचे, सगळं जग माना डोलवायचं, आणि मग ज्याचं त्याचं ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

आज सकाळी लेकीनं बॅग आणून दारापाशी ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, ती परदेशातली नोकरी. दुपारचं विमान आहे. जाऊ की नको? तुम्ही सांगाल तसं."

तिची आई गेल्यापासून घरात ही दोघंच. आता हीही गेली की घर खायला उठणार. पण जित्याची खोड! घसा खाकरून त्यांनी आधी जाण्याच्या बाजूचं सगळं सांगितलं, मग राहण्याच्या बाजूचं.

"मला विचारशील तर तू राहावंस. पण हे आपलं माझं मत. तुझ्यावर बंधन नाही."

"बस्स? एवढंच?"

"तू विचारलंस, मी सांगितलं."

ती उठून आत गेली. तिला उशीर नको म्हणून त्यांनीच कंबर सांभाळत बॅगेला हात घातला, सगळा जोर लावून उचलली, तर ती पिसासारखी वर आली. आत काहीच नव्हतं.

आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला.

"बाबा, बॅग जरा इकडे आणता? आता भरायला घेते."