पिवळी क्लिप
घरात पिस्तूल नको, हे वेल्डर सुनेनं सासऱ्यांना हजारदा सांगून पाहिलं होतं. "चोर आला तर तुझा वेल्डिंगचा रॉड उगारू?" सासरे उडवून लावायचे. "पेटीला कुलूप आहे. नातीची काळजी मलाही आहे." आज शाळेला निघताना लेकीची पिवळी क्लिप सापडेना. "आजोबांच्या पेटीत पडली असेल," पोरगी सहज बोलून गेली. "किल्ली चष्म्याच्या घरात असते ना!" सासरे फिरून परतले, तेव्हा अंगणात ठिणग्या उडत होत्या. गोळ्या काढून पायरीवर ठेवल्या होत्या. पिस्तुलासकट लोखंडी पेटी तीन बाजूंनी सांधून झाली होती. "थांब! उद्या चोर आला म्हणजे?" ते कडाडले. तिनं चौथी बाजू पुरी केली, मास्क वर सरकवला आणि पेटीत सापडलेली क्लिप त्यांच्या तळहातावर ठेवली. "चोर येऊन गेलाय, बाबा. आत्ताच शाळेत सोडून आले त्याला."