पिठावरचा ठसा

लढाई संपून वर्ष झालं होतं. केशोरीत बसून मी जुनी, दारू काढून टाकलेली काडतुसं जमवत होतो. झिजलेली अक्षरं वाचायला काडतुसाचं बूड तांदळाच्या ओल्या पिठावर दाबायचं, ही माझी रीत. लोक हसायचे.

सोमवारी नव्याने हाती आलेलं एक काडतूस दाबलं. ठसा मधोमध सपाट उठला. म्हणजे ते कधी झाडलेलंच नव्हतं. मी ते पेटीत ठेवून कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी पुन्हा दाबलं. ठशात मधोमध फोड उठला. बुडाला बंदुकीच्या घोड्याचा खड्डा पडला होता. टोकाची गोळी नव्हती. पितळ कोमट लागलं.

बायको, शामकला, पीठ न्यायला आली.

“अजी, सदऱ्याले भोक कायचा पडला जी?”

मी छातीवर बोट लावलं. ते दोन पेरं आत गेलं. दुखलं नाही.