जसंच्या तसं

शेजारचा प्लॉट नव्यानं घेतलेल्या बजरंगनं कॉलमचे खड्डे खणायला जेसीबी लावला, अन् ग्यानोबांच्या दाराशेजारचा गिलावा ढासळला. पोराच्या लग्नात पेंटरनं काढलेला गणपती, त्याखालची नवरा-नवरीची नावं, सगळं मातीला मिळालं.

बजरंग धावत आला. "काका, चुकी माझी हाय. भिंत पहिल्यावानी करून देतो."

"पडलं ते पडू दे, बाबा. नुसता चुना मार," एवढंच बोलून ग्यानोबा सुनेला माहेरून आणायला हदगावला गेले.

म्हातारा भिडेपोटी बोलून राहिलाय, असं बजरंगला वाटलं.

ग्यानोबा परतले तेव्हा तो रस्त्यावरच उभा होता. "काका, खोदायच्या आधी फोटो काढून ठेवला होता. पेंटरला दाखवून सगळं जसंच्या तसं करून घेतलं. नावं तर पहिल्यापेक्षा ठसठशीत! सूनबाई लई खूश होतील बघा."

ग्यानोबांनी वळून रिक्षाकडं पाहिलं.



मागं रिक्षातून उतरलेल्या सुनेनं भिंतीवरचं 'चि. आदिनाथ आणि चि. सौ. कां. साक्षी' वाचलं, अन् आपल्या पांढऱ्या कपाळावर हळूच पदर ओढून घेतला.