तुमची-आमची मॅच

संध्याकाळी सहा वाजता बातमी आली. पाच श्रीमंत फुटबॉल क्लब लीगमधून फुटून आपली स्वतंत्र लीग काढणार. पाठोपाठ जावयाचा फोन वाजला.

"काय जावईबापू, तुमच्या क्लबच्या शेठजींनी वेगळी चूल मांडली म्हणे! आमच्या फाटक्या क्लबशी खेळायला कमीपणा वाटतो?" सासरे तणतणले.

"बाबा, माझा विश्वासच बसत नाहीये. वर्कशॉपमध्ये मशिनं बंद करून सगळे टीव्हीपुढे सुन्न बसलेत."

"म्हणजे पुढच्या वर्षी तुमची-आमची मॅच नाही?"

"नाही."

सासऱ्यांच्या मुलीशी झालेल्या घटस्फोटानंतर हे दोघं भेटत, ते फक्त या मॅचला.

"मग आता कुठल्या निमित्ताने भेटायचं रे?"

फोन दोघांनीही अजून ठेवलेला नाही.