रेहेकुरीची वाट

“मिरजगावातून आत वळायचं अन् कर्जतची वाट धरायची,” भिमाजीआबा म्हणाले. “त्या मोबाईलचं ऐकू नको. हरनं कुठं उतरत्यात, त्याला काय ठावं?”

कल्याण हसला. त्याने वहीचं एक पान फाडून वडिलांपुढे सरकवलं. “सगळं लिहून द्या आबा. कुठं वळायचं, गाडी कुठं लावायची, पाणी कुठं मिळंल.”

“लिव्हायचं कशाला? मी शेजारीच बसनार हाय की.”

“असू द्या. गडबडीत राहून जातं.”

आबांनी लिहिलं. एका पानाची तीन पानं झाली. तीस वर्षं त्यांनी रेहेकुरीच्या अभयारण्यात वनमजूर म्हणून काढली होती. कुठल्या बाभळीखाली काळवीट दुपार काढतो आणि कुठल्या बांधावर तितरं धुळीत लोळतात, हे त्यांना आपल्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. निवृत्त होऊन केडगावला मुलाकडे आले, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून परत जाणं झालंच नव्हतं.

आता कल्याणने जुनी का होईना, गाडी घेतली होती. ड्रायव्हर नको, गाईड नको, आपली आपण चालवत जाऊ, असं ठरलं. शनिवारी रेहेकुरीची काळविटं, रात्री कर्जतला मुक्काम, रविवारी राशीनवरून भिगवण, तिथले रोहित पक्षी बघून माघारी. बेत ऐकला तेव्हा आबांना हरखून काय करू नि काय नको असं झालं. सूर्य उगवताना त्या गवतात एकदा उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मग न्यायला कुणीही येऊ दे.

अडचण एकच होती. दिवाळीत छातीत दुखलं म्हणून आठ दिवस दवाखान्यात काढले होते, ते सगळ्यांना माहीत होतं. पण महिन्याभरापासून उभं राहिलं की घेरी येते, हे आबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं, तर पोरं बेतच मोडतील, याची त्यांना खात्री होती.

गुरुवारी मोरीच्या दारात तोल गेला. चौकट हाताला लागली म्हणून वाचले. मागून ज्योती, त्यांची सून, धावत आली.

“काय झालं आबा?”

“काय न्हाई. चप्पल निसटली.”

ज्योतीने खाली बघितलं. आबांचे पाय अनवाणी होते. त्यांना धरून तिने कॉटवर बसवलं आणि पाणी दिलं.

त्या दिवशी आबांच्या घशाखाली घास उतरेना. आता बेत मोडला म्हणून समजा. पण शुक्रवारी कल्याण नागापूरच्या कारखान्यातून आला तो टाकी भरून, चाकांत हवा मारून. ज्योती शेंगदाण्याची चटणी कुटत होती. भाकरी किती घ्यायच्या, याचा हिशोब चालला होता. आबांच्या जिवात जीव आला. सुनेने तोंड उघडलं नव्हतं. मोठ्या मनाची पोर, असं त्यांनी मनात म्हटलं.

नात संस्कृती मोबाईल घेऊन मांडीशी येऊन बसली. सातवीतली पोर, पण पाखरांचं वेड आजोबांचंच. “आबा, तितर कसा ओरडतो? यात करून दाखवा ना.”

“तिथं गेल्यावर खराच ऐकवतो की.”

“नाही, आत्ताच करा. माझ्याजवळ असू दे.”

आबांनी तितर केला, टिटवी केली, होला केला. शेवटी दम लागला, तो त्यांनी खोकल्यावर निभावून नेला.

संध्याकाळी पारनेरहून धाकटी बहीण बनुबाई आली. दोन दिवस घर राखायला बोलावलंय, असं कल्याण म्हणाला.

“दोन दिसाला एवढी पिशवी?” आबांनी तिला चिडवलं. “कुलूप लावून बी भागलं असतं की!”

“आसू दे दादा. मला बी जरा बदल,” बनुबाई म्हणाली आणि पदर सावरत स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचं बोलणं ऐकू येत होतं. “सकाळची गोळी कोंची, सांजची कोंची, नीट सांग बाई. मला मेलीला लिव्हता-वाचता येत न्हाई.” बनूलाही बीपीचा त्रास होताच. वय झालं सगळ्यांचं, असं आबांना वाटलं.

शनिवारी पहाटे पाचलाच आबा टोपी घालून, स्वेटर चढवून ओट्याच्या पायरीवर बसले. गळ्यात दुर्बीण होती, निवृत्त होताना साहेबांनी दिलेली. थंडी मरणाची होती, पण त्यांना तिचं काही वाटत नव्हतं. पिशवी त्यांनी हातातच धरली होती. “द्या आबा, मी ठेवते,” म्हणत ज्योतीने ती घेतली. कल्याणने वाकून त्यांच्या गळ्यातली दुर्बीण काढली. “गाडीत ठेवतो,” तो म्हणाला आणि लगेच वळून काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

बनुबाई भावाच्या मागे दारात उभी होती. गाडी सुरू झाली, दिवे लागले. पुढची डावीकडची जागा रिकामी होती.

आबांनी उठायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पुन्हा पायरीवर टेकले. आता कुणीतरी हात दिल्याशिवाय उठणं होणार नव्हतं, आणि हात मागितला तर सगळंच उघडं पडणार होतं. इतकं दुबळं त्यांना दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात गाडीतून उतरून संस्कृती धावत आली आणि तिने हात पुढे केला. पोरीला बरोबर कळलं, म्हणून आबांचा चेहरा उजळला. त्यांनी तो हात धरला.

“तसं नाही आबा,” हात सोडवून घेत ती म्हणाली. “एक बारका दगड द्या ना इथला, चांगला बघून. तिघांनी प्रवासाला निघायचं नसतं ना, मम्मी म्हणाली, चौथा म्हणून दगड ठेवू.”