अंग कोणाचंही

बेसा गावातल्या आपल्या कॉलेजच्या फाटकाशी गणपतरावांना जिवंतपणीच स्वतःचा पुतळा हवा होता. पण शिल्पकार दामिनीला आधी पेन्सिलनं अंगाची चित्रं काढायची होती, आणि तिच्यासमोर उभं राहायला त्यांना वेळ नव्हता.

"अंग कोणाचंबी चालते वं, डोकं माझं लाव," म्हणत त्यांनी ड्रायव्हर सुशीलला पाठवलं. तो सवयीनं जसा उभा राहिला, तसाच दामिनीनं कागदावर उतरवला.

चित्रं पाहून गणपतराव हरखले. "वाकलेली कंबर, बाजूला केलेला हात! जनतेपुढं किती नम्र दिसून राहिलो मी."

"शोभतं तुम्हाला," दामिनी म्हणाली.

पुतळ्यावरचा पडदा सरकला, तशी गर्दीत सुशीलची बायको गोपिका त्याच्या कानाशी लागली.



"अवो, गाडीचं दार उघडून साहेब कोणाची वाट पाहून राहिले?"