फुल चेकअप

चांगदेवांची स्कूटर बंद करायला लावली ती त्यांच्या बायकोनेच. "डोंबिवलीतून शीळफाट्याला जायला पेट्रोल कशाला जाळायचं? धूर होतो, खिसा रिकामा होतो आणि पोट सुटतं ते वेगळंच. उद्यापासून सायकल!" कांताने फर्मान काढलं.

कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकलं. स्कूटरचं हेल्मेट दारामागच्या खिळ्याला अडकवलं.

"घालून जा की," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"अगं, सायकलवर हेल्मेट? कामावरची पोरं दात काढतील." तिलाही हसू आलं होतं.

दोन वर्षांत पोट आत गेलं, जिना चढताना लागणारी धाप थांबली. तरी कांताला ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. "एकदा फुल चेकअप करून घ्या," ती पाठीस लागायची. "मला काय धाड भरलीय?" म्हणत ते टाळायचे.

आज ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि सगळे रिपोर्ट चाळले.

"हार्ट, किडन्या, लिव्हर, सगळं उत्तम आहे त्यांचं. या वयात असं क्वचित बघायला मिळतं."

"सायकल चालवतात ना ते," कांता पुटपुटली.

डॉक्टरांनी एक फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"ताई, काल सांगितलं तसं, मार फक्त डोक्याला बसलाय. मेंदू गेला, तो आता परत येणार नाही. बाकीचं सगळं दुसऱ्या कुणाला तरी जगवेल. इथे तुमची सही लागेल."